बॉबिन, मेण आणि सहा तारा



शेळ्यांचं लसीकरण, बँकेचा हप्ता, मसाला कांडपाचा हिशोब, असे विषय आपण नेहमी बोलतो. आज थोडा वेगळा विषय घेतलाय. इलेक्ट्रिक गिटार घरी कशी बनवायची? आणि तीही जिनं आजवर करवत हातात धरली नाही, तिनं. हसू नका. शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपल्या भजनातली एकतारी घ्या. तार छेडली की ती थरथरते, पण नुसत्या तारेचा आवाज फार लहान असतो. खालचा पोकळ भोपळा तिच्याबरोबर थरथरतो, आणि मग आवाज देवळाच्या दारापर्यंत जातो. मिरजेचे सतार-तंबोरे असतात, त्यांच्यातही भोपळ्याचं काम हेच. इलेक्ट्रिक गिटारीला भोपळा नाही, पोकळ पेटी नाही. तिचं धड म्हणजे लाकडाची एक भरीव फळी. मग आवाज येतो कुठून?

तारेच्या खाली एक लहानशी वस्तू बसवलेली असते, तिला पिकअप म्हणतात. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्याभोवती हजारो वेढे गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. वर पोलादाची तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, आणि त्या तांब्याच्या वेढ्यांत अगदी थोडी वीज तयार होते. ती वायरीतून अँप्लिफायरला जाते, तिथे मोठी होते आणि स्पीकरमधून आवाज बनून बाहेर पडते. एवढंच. म्हणून या गिटारीला पोलादाच्या तारा लागतात. नायलॉनची तार लावली तर पिकअपला काही कळतच नाही.

वरातीत वाजणारा बेंजो तुम्ही ऐकलाय. दोन गल्ल्या सोडून घरात ऐकू येतो. त्याच्या तारांखालीही असाच पिकअप असतो. आणि विहिरीवरची मोटार जळली की आपण ती वाइंडिंगला देतो. तिथे माणूस तांब्याची तार गुंडाळत बसलेला असतो. पिकअप हे त्याच मोटारीचं लहान भावंड म्हणा. मोटारीत वीज घातली की हालचाल मिळते, पिकअपमध्ये हालचाल घातली की वीज मिळते.

विकायला आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार अमेरिकेतली, १९३२ सालची. धड गोल, वर लांब दांडा, आणि सगळं ॲल्युमिनियमचं. लोकांनी तिला नाव पाडलं ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे आपला दांड्याचा तवा. पुढे लिओ फेंडर नावाच्या माणसानं १९५० च्या सुमारास लाकडी फळीची गिटार बाजारात आणली. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! पण मान वेगळी करायची, धड वेगळं करायचं आणि दोन्ही स्क्रूनं जोडायचं, ही त्याच्या कारखान्याची पद्धत इतकी सोपी होती की आजही घरी गिटार बनवणारे हीच पद्धत धरतात.

त्याच कारखान्यात १९५६ साली ॲबिगेल इबारा नावाची एक बाई कामाला लागली. काम कोणतं? पिकअपची तार गुंडाळणं. ती २०१३ पर्यंत तिथे होती. सत्तावन्न वर्षं! तिच्या हातच्या पिकअपवर तिच्या नावाची अक्षरं असत, आणि ते पिकअप मिळावेत म्हणून मोठमोठे वादक धडपडत. तार फार ओढली तर तुटते, सैल सोडली तर आवाज बिघडतो. तो अंदाज बोटांत असावा लागतो. शिलाई मशीनवर बॉबिन भरणाऱ्या बाईला हा अंदाज नवीन आहे का?

दुसरी गोष्ट इंग्लंडची. १९६३ साली ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. विकत घेण्याइतके पैसे घरात नव्हते. त्यानं आणि वडिलांनी मिळून ती घरीच बनवायला घेतली. शेकोटीवरची एक जुनी फळी कुणीतरी टाकून देत होतं, त्या महोगनीच्या लाकडाची मान केली. त्यात किड्यांनी पाडलेली भोकं होती, ती आगकाडीच्या काड्यांनी बुजवली. धडासाठी जुन्या टेबलाचं ओक लाकूड वापरलं. मोटारसायकलच्या इंजिनाच्या दोन स्प्रिंगा लावल्या. मानेवर खुणेसाठी जे पांढरे ठिपके असतात, ती आईच्या बटणांच्या डब्यातली शिंपल्याची बटणं होती. एका दांडीच्या टोकाला आईची विणकामाची सुई बसवली. काम दोन वर्षं चाललं.

तो मुलगा पुढे ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध बँडचा गिटारवादक झाला. २००२ साली इंग्लंडच्या राणीच्या राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहून त्यानं वाजवली ती हीच घरची गिटार. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी शिकायला आपल्या पाचगणीला होता, आणि त्याचा पहिला बँडही तिथल्या शाळेतच जमला. म्हणजे विषय दिसतो तेवढा लांबचा नाही.

आता आमच्या गटातलं सांगतो. आमच्या एका ताईंची मुलगी बारावी झालेली. भजनात पेटी छान वाजवते. तिला इलेक्ट्रिक गिटार शिकायची होती. ताईंनी मासिक सभेत अंतर्गत कर्ज मागितलं. एक आजी म्हणाल्या, “म्हशीला कर्ज देतो, ती दूध देते. गिटार काय देणार?” प्रश्न बरोबर होता. गटाचा पैसा दहाजणींच्या घामाचा असतो. बरीच चर्चा झाली. शेवटी ठराव झाला तो असा: तयार गिटारीला कर्ज नाही. पण मुलगी ती बनवणार असेल, तर सामानापुरतं कर्ज गट देईल. काम गटाच्या खोलीत, रविवारी, आणि बाकीच्या मुलींनाही शिकता आलं पाहिजे. हप्ता ठरलेल्या तारखेला, इतर कर्जासारखाच.

कामाला चार मुली आणि तीन आया जमल्या. कुणालाच काही येत नव्हतं. तुम्हाला करायचं झालं तर क्रम कसा ठेवायचा, तो आता सांगतो. कागद-पेन्सिल घ्या.

पहिली पायरी, काय बनवायचं आणि काय विकत घ्यायचं हे ठरवा. गिटारीची मान नवख्या माणसानं बनवू नये, तयार घ्यावी. कारण सांगतो. सहा तारांचा मिळून ताण साधारण ४५ किलो होतो. जवळजवळ सिमेंटच्या गोणीइतका. हा ताण मानेला रात्रंदिवस ओढत असतो. म्हणून चांगल्या मानेच्या पोटात पोलादाची सळई असते. शिवाय मानेवर आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात, त्यांचं माप फार काटेकोर. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असेल, तर पहिली पट्टी ३६.४ मिलिमीटरवर, तिथून दुसरी ३४.३ वर, तिथून तिसरी ३२.४ वर. अशी प्रत्येक पट्टी जवळ जवळ येत जाते. एक मिलिमीटर चुकलं तरी सूर बेसूर होतो. मान, तारा पिळायच्या खुंट्या, घोडी, सहा तारा, आवाज कमी-जास्त करायचं बटण आणि वायर घुसवायचा जॅक, एवढं विकत. धड आणि पिकअप आपण बनवायचं.

दुसरी पायरी, धड. लाकूड वाळलेलं हवं. ओलं लाकूड पुढे पिळतं. घरातली जुनी चौकट, मोडलेल्या पलंगाची फळी, जुनं दार, यात चांगलं वाळलेलं लाकूड मिळतं. सतारीला तून वापरतात, ते मिळालं तर उत्तम. सागवान चालतं, पण जड पडतं. जाडी साधारण ४५ मिलिमीटर. एवढी जाड फळी नसेल तर दोन पातळ फळ्या फेव्हिकॉलनं चिकटवा आणि रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवा. जुन्या लाकडात खिळे राहिलेले असतात. करवत लावण्याआधी चुंबक फिरवून बघा, नाहीतर पातं जातं.

आकार आधी पुठ्ठ्यावर कापा. ब्लाउजचा कागद बेततो तसाच. तो मांडीवर धरून बघा, हात नीट बसतो का. मग लाकडावर आखा. बाहेरचा मोठा काप गावातल्या सुतारदादांकडून मशीनवर करून घ्यायला हरकत नाही. मान बसायची खाच मात्र पटाशीनं थोडी थोडी काढायची. मान त्या खाचेत घट्ट बसली पाहिजे, हलता कामा नये. मग मागून चार स्क्रू.

तिसरी पायरी, घोडीची जागा. सगळ्या गिटारीत हे माप सर्वांत महत्त्वाचं आहे. मानेच्या वरच्या टोकाला तारा जिथून सुटतात, तिथून बाराव्या पट्टीपर्यंत मोजा. बारावी पट्टी बरोबर मध्यावर असते. ६४८ च्या मानेवर हे अंतर ३२४ येईल. बाराव्या पट्टीपासून खाली तेवढंच आणखी ३२४ मोजा. तिथे घोडी. जाड तारांसाठी दोन-तीन मिलिमीटर मागे सरकवायला जागा ठेवा. भोक पाडण्याआधी दोघींनी वेगवेगळं मोजावं. दोघींचं माप जुळलं, तरच ड्रिल लावावं.

चौथी पायरी, पिकअप. सनमायकाच्या दोन लहान पट्ट्या कापा. दोन्हींत सहा-सहा भोकं, एकमेकांपासून साधारण १०.४ मिलिमीटरवर. आपल्या घोडीवर दोन तारांमधलं अंतर किती आहे, ते बघून हे माप जुळवा. त्या भोकांत लोखंडाचे सहा सारखे खिळे बसवा, दोन पट्ट्यांमध्ये एक सेंटिमीटरची जागा ठेवा. खिळ्यांभोवती चिकटपट्टीचा एक वेढा द्या, म्हणजे तार लोखंडाला घासणार नाही. तार लागते ती इनॅमलचा लेप असलेली तांब्याची, साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची. दुकानात ४६ नंबर म्हणून मागा. मोटारीची तार याहून पुष्कळ जाड असते, ती चालणार नाही. वाइंडिंगवाल्या दादांना सांगून ही मागवून घ्यावी लागते.

वेढे लागतात पाच ते आठ हजार. आकडा ऐकून घाबरू नका. हातानं फिरवायच्या ड्रिलच्या तोंडात पिकअप पकडा. एकीनं मूठ फिरवायची, दुसरीनं दोन बोटांत तार धरून सोडायची. मुठीच्या एका फेऱ्याला पिकअपचे किती फेरे होतात, ते आधी मोजून घ्या. मग मूठ किती वेळा फिरवायची, तो हिशोब मांडा. दर शंभराला वहीत एक रेघ ओढा. आमच्याकडे मूठ मुलींनी फिरवली आणि तार आयांनी सोडली, कारण बॉबिन भरायचा हात त्यांचा होता. तार तुटली तर टोकं खरवडून लेप काढा, पिळा, डाख द्या, पुढे चला.

गुंडाळून झाल्यावर मल्टिमीटर लावा. चार ते सात किलोओहमच्या आसपास आकडा दिसला तर जमलं. काहीच दिसलं नाही तर तार आत कुठेतरी तुटलीय. मग पिकअप मेणात बुडवायचा. सैल वेढे स्वतःच थरथरू लागले तर स्पीकर शिट्टी मारतो, मेण त्यांना धरून ठेवतं. मेण कधीच थेट गॅसवर ठेवू नका, भडका उडतो. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण. मेणबत्त्या बनवणाऱ्या गटांना हे सांगायला नको. मेण गार झाल्यावर खिळ्यांच्या खाली चपटा चुंबक चिकटवा. पिकअप तयार.

पाचवी पायरी, जोडणी. आवाजाच्या बटणाला तीन पाय असतात. २५० किलोओहमचं बटण घ्या. पिकअपची एक वायर एका कडेच्या पायाला. मधल्या पायातून जॅकच्या टोकाच्या पट्टीला. दुसरा कडेचा पाय, पिकअपची दुसरी वायर, जॅकची बाहेरची पट्टी आणि घोडीखालून आणलेली एक वायर, ही चारही एकत्र बटणाच्या पाठीवर. डाख देताना खिडकी उघडी ठेवा, आणि शिशाला हात लागतो म्हणून नंतर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

मग तारा चढवा. जाड तारेपासून सूर असे: ई, ए, डी, जी, बी, ई. मोबाइलवर सूर जुळवायचं ॲप मिळतं. पिकअप तारांच्या दोन-तीन मिलिमीटर खाली राहू द्या.

आता जिवाचं सांगतो, नीट ऐका. गिटारीत तयार होणारी वीज इतकी थोडी असते की तिनं मुंगीलाही काही होत नाही. धोका अँप्लिफायरचा. तो घरातल्या २३० व्होल्टवर चालतो. त्याचं अर्थिंग नसेल आणि आत बिघाड झाला, तर तोच करंट वायरीतून गिटारीच्या तारांवर येऊ शकतो, आणि तारांवर तर आपली बोटं. म्हणून तीन पिनांची जागा सोडून दोन पिनांत जोडणं नाही. तिसरी पिन कापणं नाही. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून वाजवणं नाही. शिकेपर्यंत नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा लहान अँप्लिफायर वापरा. एलएम ३८६ नावाची चिप घालून तो घरी जोडता येतो. आवाज खोलीपुरता येतो, आणि शिकायला तेवढा पुरे.

दुसरं, ड्रिल चालवताना पदर खोचलेला, ओढणी काढलेली, केस बांधलेले, काचेच्या बांगड्या उतरवलेल्या. लाकूड घासताना तोंडावर फडकं, डोळ्यांवर चष्मा. हे पाळायचं नसेल तर काम सुरूच करू नका.

आमची गिटार दहा रविवारांत झाली. पहिल्यांदा तार छेडली तेव्हा त्या आजीच पुढे येऊन बसल्या. म्हणाल्या, “खिळ्याला बांधलेली तार बोलली बाई.” आवाज दुकानातल्या गिटारीसारखा नाही, थोडा घोगरा आहे. पण सुरात आहे.

आणि आजींच्या प्रश्नाचं काय? गिटार काय देणार? दूध नाही देत, हे खरंच. पण चार मुलींना मल्टिमीटर वाचता येतो. डाख देता येतो. गटातल्या एकीचं मिक्सर बंद पडलं, तेव्हा वायर कुठे तुटलीय ते मुलींनीच शोधलं. जिच्यासाठी हे सुरू झालं, ती मुलगी आता आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा फॉर्म भरीन म्हणते. घरचे शिवणक्लासला जा म्हणतात. आई तिच्या बाजूनं आहे, वडील अजून गप्प आहेत. फॉर्मची तारीख जवळ आलीय, आणि गटातल्या दोघीजणी या आठवड्यात त्यांच्या घरी चहाला जाणार आहेत. कर्जाचे हप्ते मात्र एकही चुकलेला नाही.

मैत्रिणींनो, विजेचं काम पुरुषांचं आणि शिवणाचं बायकांचं, ही वाटणी कुणी केली माहीत नाही. पण बारीक तार न तोडता आठ हजार वेळा गुंडाळणं, हे नेमकं कुणाचं काम? ज्या हातांना सुईत दोरा ओवायची सवय आहे, त्यांना ते परकं नाही.

गिटारच बनवा असा आग्रह नाही. पण गटाच्या पुढच्या सभेत तीन गोष्टी करून बघा. आपल्या मुलींना कोणतं यंत्र आतून बघायचंय ते त्यांना विचारा. गावातले सुतारदादा आणि वाइंडिंगवाले दादा एक रविवार शिकवायला येतील का, ते विचारा. आणि गटाच्या पैशातून एक मल्टिमीटर घ्यायचा ठराव मांडा. सामानाचं म्हणाल तर यादी घेऊन दोन दुकानांत भाव विचारल्याशिवाय पैसे काढू नका, पावती घ्या आणि वहीत लिहा. घरातली जुनी चौकट मात्र सरपणाला टाकण्याआधी एकदा बघून घ्या.